बर्फ पाण्यात गेला!



"मराठी विभागात यंदा लेख कमी पडतायत, तू काहीतरी लिहून दे," असं आमच्या एडिटरने कॅन्टीनमध्ये सांगितलं, तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं. म्हटलं, हा नक्की माझ्याशीच बोलतोय ना? कारण माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. शाळेत इंग्लिश, घरी कोळी बोली, आणि कॉलेजात आल्यापासून सगळ्याची भेळ. पुस्तकी मराठीशी माझा संबंध दहावीच्या पेपरपुरताच आला. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यांनी आधी माझं थर्मोडायनॅमिक्सचं जर्नल तपासावं. त्यात याहून जास्त सापडतील!

तर विषय. यंदा आपल्या फेस्टची थीम 'सस्टेनेबिलिटी' होती, हे तुम्हाला आठवत असेलच. ऑडिटोरियममध्ये एका मोठ्या कंपनीचे पाहुणे आले होते. स्लाइडवर पवनचक्क्या, हिरवी पानं, आणि 'नेट झीरो' हे शब्द तर इतक्या वेळा आले की मी मागच्या बाकावर मोजायला लागले. (एकवीस!) एसी १८ वर लावलेला, आणि आम्ही मुली ओढण्या अंगाभोवती गुंडाळून ऊर्जाबचतीवरचं भाषण ऐकत होतो. असो.

पाहुण्यांनी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. पण ऐकताना माझ्या डोक्यात एकच विचार येत होता, की यातला एक तरी शब्द आमच्या वाडीत कोणाच्या कामाचा आहे का? मी वर्सोव्याची. म्हणजे आमच्या भाषेत वेसाव्याची. वर्सोवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मेट्रोचं शेवटचं स्टेशन, सात बंगला आणि टीव्ही सिरियलवाले येतात. फार तर २०१५ पासून अफरोझ शाह यांनी सुरू केलेली बीचची सफाई. पण त्या सगळ्याच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी, आमचा कोळीवाडा आहे. माझे पप्पा नाखवा, म्हणजे बोटीचे मालक. काका त्याच बोटीवर तांडेल. आणि आम्ही जो करतो तोसुद्धा बिझनेसच आहे, बरं का! त्यात भांडवल आहे, कर्ज आहे, मशिनरी आहे, कामगार आहेत, इंधनाचं बिल आहे. फक्त आमच्याकडे स्लाइड्स नाहीत.

टी.ई.ला मिनी प्रोजेक्ट असतो. आमच्या चौघांच्या ग्रुपने ठरवलं, एका बर्फाच्या कारखान्याचं एनर्जी ऑडिट करायचं. रेफ्रिजरेशनचा विषय होताच, आणि ओळखीने आत जायला मिळत होतं. कारखाना कुठला ते सांगत नाही, मालकाला तसा शब्द दिलाय.

ज्यांनी बर्फाचा कारखाना आतून बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जमिनीत एक मोठी टाकी, त्यात मिठाचं पाणी. ते शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही. अमोनियाचा कॉम्प्रेसर त्या पाण्याची उष्णता काढून घेतो. पत्र्याच्या उंच डब्यांत गोडं पाणी भरून ते डबे टाकीत सोडायचे, वर लाकडी झाकणं लावायची. रात्र उलटून गेली की डब्यात लादी तयार. क्रेनने उचलायची, साध्या पाण्यात बुडवून सोडवायची, आणि घसरत घसरत दारापर्यंत. मग क्रशर, मग टेम्पो, वर गोणपाट नाहीतर ताडपत्री, आणि थेट बंदर.

आता जरा गणित. ३० अंशाचं एक किलो पाणी घेऊन त्याचा उणे ५ अंशाचा बर्फ करायचा, तर साधारण ४७० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. टनाला १३० युनिट. कॉम्प्रेसर जेवढी वीज खातो त्याच्या दोन-तीन पट उष्णता हलवतो, त्यामुळे आपल्यासारख्या गरम देशात एक टन लादी-बर्फाला साधारण ५५ ते ७० युनिट वीज लागते. मी ६० धरते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एक टन बर्फ, ४२ किलो कार्बन डायऑक्साइड.

ही वीज येते कुठून? आमच्या उपनगरांना वीज देणारी कंपनी आधी बीएसईएस होती, मग रिलायन्स, आणि २०१८ पासून अदानी. तिला वीज देणारं कोळशाचं वीजकेंद्र डहाणूला, ५०० मेगावॉटचं. अलीकडे राजस्थानातून जैसलमेरची सौर आणि पवन वीजही येते, पण कोळसा काही संपलेला नाही. आमची बोट उत्तरेला गेली की काकांना समुद्रातून डहाणूची ती उंच चिमणी दिसते. मला याची गंमत वाटते. तिकडे कोळसा जळतो, त्याच्या उष्णतेतला जेमतेम एक तृतीयांश भाग वीज होऊन तारेत शिरतो, त्या विजेवर अंधेरीकडे बर्फ होतो, आणि तोच बर्फ आमच्या बोटीत बसून परत त्या चिमणीसमोरून जातो. वितळत वितळत.

आमच्या ऑडिटमध्ये काय सापडलं? जे सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं तेच. टाकीवरची झाकणं फुटलेली, मधल्या फटीतून हात जाईल अशी. सक्शन पाइपवरचं इन्सुलेशन गळून पडलेलं, पाइपवर पांढरं बर्फाचं कवच. कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार साचलेले, त्यामुळे अमोनिया नीट थंड होत नाही आणि कॉम्प्रेसरला जास्त जोर काढावा लागतो. मोटर कितीतरी वेळा री-वाइंड केलेली, आणि प्रत्येक री-वाइंडिंगला एफिशियन्सी थोडी थोडी घसरत जाते. आम्ही छान रिपोर्ट केला. ग्राफ काढले, स्पायरल बाइंडिंग केलं. बहुतेक सगळ्या सुधारणांचा पैसा दोन वर्षांच्या आत वसूल होत होता.

मालकाने चहा पाजला. रिपोर्टचं शेवटचं पान आधी उघडलं. (धंदेवाला माणूस, शेवटचं पानच आधी बघणार!) मग म्हणाला, "पोरांनो, हिशोब बरोबर आहे. पण दोन वर्षांनी हा कारखाना इथे असेल की टॉवर, हे मला कोण सांगणार?"

आम्ही गप्प. पेबॅक पिरियडचा फॉर्म्युला आम्हाला पाठ होता, पण त्यात जागेचा भाव कुठेच नव्हता. अंधेरी-वर्सोव्यात जमिनीला सोन्याचा भाव. तिथे नवीन झाकणं कोण बसवतो? उद्या बिल्डर आला की झाकणांसकट टाकी बुजवणार. मग निघताना तो आणखी एक वाक्य बोलला. ते मात्र माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. "आणि खरं सांगू? लादी दाराच्या बाहेर गेली की माझं काम संपलं. पुढे वितळते ती तुमची."

घरी येऊन मी हे आजीला सांगितलं. आजीने आयुष्यभर टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकली. ती नुसतं हसली आणि म्हणाली, "बर्फ पाण्यान गेला म्हंजे पैसा पाण्यान गेला. त्याला काय, त्याचा पैसा आधीच गल्ल्यान हाय."

इथे मला कळलं की आम्ही चौघांनी ऑडिट चुकीच्या ठिकाणी थांबवलं होतं, कारखान्याच्या दारात! बर्फ हा काही कोणाचा शेवटचा माल नव्हे. बर्फ कोणी खात नाही. (गोळेवाला सोडून.) शेवटचा माल म्हणजे बाजारात पोचलेली ताजी मासळी. मग ऊर्जा मोजायची तर एक किलो चांगल्या मासळीमागे किती, अशी मोजायला नको का?

मग मी बोटीकडे मोर्चा वळवला. आमच्या बोटीच्या खणात, म्हणजे जिथे बर्फ आणि मासळी भरतात तिथे, फळ्यांच्या मध्ये थर्माकोल आहे. होता, म्हणू. इतक्या वर्षांत त्यात पाणी शिरलंय, आणि ओला थर्माकोल म्हणजे भिजलेलं स्वेटर. तो जवळजवळ नसल्यासारखाच. म्हणून मी नुसतं ५ सेंटीमीटर लाकूड धरून हिशोब केला. खणाचं सगळ्या बाजूंचं मिळून क्षेत्रफळ २० चौरस मीटर, बाहेर २८ अंश, आत शून्य. भिंतीतून दर सेकंदाला हजार-अकराशे ज्यूल उष्णता आत येते. म्हणजे खणात चोवीस तास एक छोटी इस्त्री चालू ठेवल्यासारखं! तिच्यामुळे दिवसाला साधारण २९० किलो बर्फ वितळतो, मासळीला न शिवता. त्याच खणाला १० सेंटीमीटर चांगला पीयूएफ आणि आतून फायबरचं अस्तर दिलं, तर हा आकडा तीसेक किलोवर येतो. प्रत्यक्षात झाकण उघडणं, सांधे, खारं पाणी, यांमुळे फरक एवढा मोठा राहणार नाही. तरी दहा दिवसांच्या ट्रिपला अडीच टन बर्फ वाचला असं धरायला हरकत नाही. १५० युनिट. १०५ किलो कार्बन डायऑक्साइड.

इन्सुलेशन म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही, हे सांगायला एक जुनी गोष्ट सांगते. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं शिडाचं जहाज कलकत्त्याला निघालं. त्यात माल काय? तळ्यातला कापलेला बर्फ! १८० टन. कॉम्प्रेसर नाही, अमोनिया नाही, वीज तर नाहीच. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने बर्फाभोवती नुसता उष्णता अडवणारा थर घातला होता. दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांनी जहाज पोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबईतही असा अमेरिकेचा बर्फ यायचा, त्यासाठी बर्फघर बांधलं होतं. शिडाच्या जहाजाला चार महिने जमलं ते आमच्या डिझेलच्या बोटीला दहा दिवस का जमू नये?

मी मोठ्या उत्साहाने हे सगळं पप्पांना सांगितलं. आता ऐका. पप्पा जेवत होते. शांतपणे म्हणाले, "बर्फाचा एवढा विचार केलास, डिझेल किती जळतं ते बघितलंस?"

बघितलं नव्हतं! एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. ट्रिपला हजार लिटर जरी धरले तरी पावणेतीन टन. आणि मी १०५ किलोंसाठी नाचत होते. दोन दिवस मी माझ्या प्रोजेक्टची वही उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी काका ट्रिपवरून आले. त्यांना सहज विचारलं, "काका, येताना इंजिन किती रेसवर ठेवता?" ते म्हणाले, "फुल्ल. मग काय? बर्फ संपत आला की जीव मुठीत. मासळी मऊ पडली तर लिलावात कोण घेणार?"

मित्रांनो, मला जे हवं होतं ते या उत्तरात होतं! बोट घाईने का येते? बर्फ संपतो म्हणून. पाण्यातून बोट ढकलायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकलो. वेग फक्त १० टक्के कमी केला तर पॉवर २७ टक्क्यांनी उतरते. वेळ जास्त लागतो हे धरूनही तेवढ्याच अंतराला डिझेल १९ टक्के कमी लागतं. समजा परतीच्या वाटेला २०० लिटर लागतात. त्यातले ३८ लिटर वाचले. म्हणजे १०२ किलो कार्बन डायऑक्साइड, आणि शिवाय रोख पैसे. अडीच टन बर्फाने जेवढं वाचवलं जवळजवळ तेवढंच, नुसतं थोडं सावकाश आल्यामुळे. २००८च्या मंदीनंतर जगातल्या मोठमोठ्या कंटेनर कंपन्यांनी हेच केलं. जहाजं मुद्दाम हळू चालवायला लागल्या. त्यांना ते परवडतं कारण त्यांचा माल मऊ पडत नाही. आमचा पडतो. म्हणून आमच्या बोटीचा एक्सलरेटर काकांच्या हातात नसून खणातल्या बर्फाच्या हातात आहे.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. मासळी शून्य अंशाला जितकी टिकते, ५ अंशाला ती सव्वादोन पट वेगाने बिघडते. जी टोपली बंदरावर 'दुसऱ्या नंबरची' ठरते, किंवा खतात नाहीतर फिशमीलला जाते, तिच्यासाठीसुद्धा डिझेल तेवढंच जळलेलं असतं. हजार लिटरच्या ट्रिपमधली दहावा हिस्सा मासळी अशी गेली, तर शंभर लिटर डिझेल समुद्रात ओतल्यासारखंच आहे. इंजिनची एफिशियन्सी एका टक्क्याने वाढवायला मोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर जिवाचं रान करतात, आणि इथे अपूर्णांकाच्या खालचा आकडाच गळून जातोय!

हा खालचा आकडा सरकारलाही ठाऊक आहे. २००१चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००२ मध्ये सुरू झालेला ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी (आपल्या फ्रिजवरच्या स्टारवाले), आणि २०१२ पासूनची 'पॅट' योजना. पॅटमध्ये मोठ्या कारखान्यांना सांगितलं जातं की एक टन मालामागे लागणारी ऊर्जा इतकी कमी करा. जास्त वाचवली तर सर्टिफिकेट विका, कमी पडलात तर विकत घ्या. पहिल्या फेरीत ४७८ कारखाने आणि वीजकेंद्रं होती, आणि त्यांनी ठरवलेल्या लक्ष्यापेक्षा जास्त बचत केली. २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या बाजाराची योजनाही अधिसूचित झाली. चांगलंच आहे. पण सिमेंट कारखाना या यादीत यायला वर्षाला ३०,००० टन तेलाइतकी ऊर्जा वापरावी लागते. दिवसाला २० टन बर्फ काढणारा कारखाना वर्षातले ३०० दिवस चालला तर त्याचा हिशोब येतो ३१ टन. हजारावा भाग! कायद्याच्या गाळणीतून तो असा सहज निसटतो, की गाळणीला कळतसुद्धा नाही. आणि बोट तर कुठल्याच गाळणीत नाही.

तुम्ही म्हणाल, मग निसटू दे ना. कोळ्यांच्या बोटीतून असा किती धूर निघतो? लिंक रोडवरच्या मॉलचा एसी बघ आधी. मला हे पटतं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा दोन रात्री आमच्या घरात कोणी झोपलं नव्हतं. अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढतायत, आणि त्याचं बिल सगळ्यात आधी ज्यांच्याकडे येतं त्यांनी तो फारसा तापवलेला नाही. कोणी कोळ्यांना पर्यावरणाचा उपदेश करायला आला तर पहिली मी भांडेन. पण मी जे बोलतेय ते आमच्याच खिशाबद्दल आहे. वितळणारा बर्फ आम्ही रोख पैसे मोजून घेतलेला आहे.

आता सांगते, आमच्या घरात खरं भांडण कशावरून झालं.

मच्छिमारांच्या बोटींना डिझेलवरच्या कराचा परतावा महाराष्ट्र सरकार देतं. सोसायटीमार्फत मागाहून मिळतो. धंदा त्याच्यावर उभा आहे, हे मला चांगलं माहितेय. माझी फीसुद्धा त्यातूनच गेली असेल. पण त्याचा अर्थ बघा. जितकं जास्त डिझेल जाळाल तितका जास्त परतावा. कमी जाळणाऱ्याला काय? काही नाही. मी म्हटलं, परतावा कमी करू नका, पण त्यातला एक हिस्सा ज्याने खण नीट केला त्याला आधी द्या. डिझेल वाचवणाऱ्याचा नंबर पहिला लावा.

पप्पांनी ताट बाजूला सरकवलं. "शिकवलं तुला आणि तू आमच्याच पोटावर उठलीस?"

मम्मी मध्ये पडली म्हणून निभावलं. मी रडले पण, लपवत नाही. पण रात्री विचार केला तर पप्पांचंही खरं होतं. सरकारी सवलतीत एकदा 'हिस्सा' शिरला की मूळची सवलत कधी आटते ते कळत नाही, असा त्यांच्या पिढीचा अनुभव. तरीही मी माझं मत बदललेलं नाही. ज्या मदतीने आज बोट समुद्रात जाते त्याच मदतीने तिला उद्या डिझेलची आणखी गरज पडत असेल, तर ती मदत अर्धवट आहे असंच मी म्हणणार.

मग पैसा कुठून आणायचा? माझ्या मते रस्ता सोसायटीतूनच आहे. बर्फवाल्याला बचतीत रस नाही, त्याची लादी खपते. एकटा नाखवा खर्च करायला धजत नाही, कारण पीयूएफ आणि फायबरचं काम काही चार-पाचशे रुपयांत होत नाही, आणि आधीचं कर्ज असतंच. पण एलईडी बल्बचं आठवा. २०१४ मध्ये सरकारी कंपनी ईईएसएलने बल्ब घाऊक घ्यायला सुरुवात केली तेव्हा एकाची किंमत तीनशे रुपयांच्या वर होती. कोट्यवधींच्या ऑर्डरी एकत्र दिल्या, तर २०१६ पर्यंत ती ३८ रुपयांवर आली. वेसाव्यात काही कोट्यवधी बोटी नाहीत. पण पन्नास बोटींचं काम एका कारागिराला एकदम दिलं, आणि पैसे हप्त्याने, वाचलेल्या लाद्यांच्या हिशोबात कापले, तर जमण्यासारखं आहे. २०२० साली केंद्राने सुरू केलेल्या मत्स्यसंपदा योजनेतही बर्फाचे कारखाने, शीतगृहं, इन्सुलेटेड गाड्या, बोटींची सुधारणा यांना अनुदान होतं. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिलांना ६० टक्के. (आजी लगेच म्हणाली, "मग बोट माझ्या नावान करा!")

खरं तर आमच्या बायकांना हे सगळं कधीच कळलेलं आहे. बाजारात बसणाऱ्या मावश्यांकडे बघा. थर्माकोलचा बॉक्स, झाकण सारखं उघडायचं नाही, वर ओलं गोणपाट. त्याच्याही आधीची पद्धत म्हणजे वलांडीवर वाळत घातलेले बोंबील. बांबूच्या काठ्या, ऊन आणि वारा. वीज शून्य, बर्फ शून्य. 'नेट झीरो'च्या स्लाइडवर मी आमच्या वलांडीचा फोटो टाकला असता!

एक तक्रार आपल्या सगळ्यांविषयीसुद्धा आहे. आम्ही मेकॅनिकलवाले सबमिशनला दर वर्षी त्याच त्या सोलर कुकरची आणि पवनचक्कीची मॉडेलं करतो. सिनियरकडून फाइल घ्यायची, नाव बदलायचं, व्हायवा द्यायचा. कॉलेजपासून स्टेशनपर्यंत चालत गेलात तरी वाटेत लॉन्ड्री आहे, बेकरी आहे, बर्फाची गाडी आहे. त्यांच्यापैकी एकालाही आपण विचारलेलं नाही की बाबा, तुझं बिल किती येतं. मीसुद्धा विचारलं नसतं, पप्पा नाखवा नसते तर.

आमच्या मिनी प्रोजेक्टला मार्क बरे मिळाले. बोटीचा भाग त्यात नव्हता, कारण सरांच्या मते तो 'स्कोपच्या बाहेर' होता. तो मी इथे लिहून घेतला, एडिटरचे आभार!

आणि घरातलं भांडण? ते मिटलं असं नाही म्हणता येणार. पण पावसाळ्यात मासेमारी बंद झाली आणि बोट वर ओढली की दोनपैकी एका खणाचा जुना थर्माकोल काढून पीयूएफ भरायचा, दुसरा तसाच ठेवायचा, एवढं पप्पांनी कबूल केलंय. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या ट्रिपपासून कोणत्या खणात किती लाद्या गेल्या आणि किती उरल्या, हे काका वहीत लिहिणार आहेत. वही मी घेऊन दिली, रकाने आखून दिले. काकांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले, आणि एकच अट घातली. नवीन खणात बर्फ जास्त वितळला, तर त्या लाद्यांचे पैसे माझ्या पहिल्या पगारातून कापायचे.